बोंडाची अंगठी

जठारपेठ, अकोला
९ जानेवारी २०२५

सौ. अनुपमावहिनी यांस,

पत्राच्या वर नमस्कार लिहायचा असतो, तो तुमच्या वयाला केला असं समजा. खुशाली विचारत नाही. तुम्ही मजेत आहात हे दादाच्या दबलेल्या आवाजावरून कळतं. फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंत, घरच्या ग्रुपमधून निघून गेलात, आणि दादाला विचारलं तर तो म्हणतो, "अनुला विचार." सख्ख्या भावाकडे आईच्या वस्तूची चौकशी करायची तर आता वहिनीकडे अर्ज करावा लागतो, म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टनं पाठवते आहे, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय राहणार नाही.

मुद्द्याचं लिहिते. आचलचा साखरपुडा तेवीस फेब्रुवारीला इथे अकोल्यात ठरला आहे. त्या दिवशी माझ्या मुलीच्या बोटात मला बाबांची अंगठी घालायची आहे. कुठली, ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण दादा हे पत्र वाचणार असेल तर त्याच्यासाठी लिहिते, त्याला घरातलं काहीच ठाऊक नसतं. एकोणीसशे एकोणसत्तर साली बाबा एका खटल्यासाठी मुंबईला गेले होते, तेव्हा पेस्तन उनवाला नावाच्या पारशी कारागिराकडून त्यांनी ती आईसाठी घडवून घेतली. तो एका नक्षीची एकच अंगठी करायचा. त्यानं बाबांना विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? बाबा म्हणाले, कापूस. म्हणून त्यानं फुटलेलं बोंड काढलं. सोन्याच्या चार पाकळ्या उघडलेल्या, आत मधोमध मोठा हिरा आणि भोवती पाच बारके. कड्याच्या आतून त्याची सही. आचलनं परवा इंटरनेटवर पाहिलं, त्याच्या अंगठ्यांवर आता लोक लेख लिहितात. ते राहू द्या. मला ती बाबांची म्हणून हवी आहे. त्यानं कागदावर काढलेलं मूळ चित्र बाबांनी मला दिलं होतं, ते माझ्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलं आहे. चित्र मुलीला देणारा माणूस अंगठी कुणाला देणार होता, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

आईच्या तेराव्याला मी तिचं कपाट उघडलं. निळी मखमली डबी होती, आत फक्त कापूस होता. तुम्ही दारात उभ्या होतात. मी रिकामी डबी हातात धरून उभी आहे हे पाहिलंत, आणि म्हणालात, "पानं वाढली आहेत, चल." त्या दिवशी चार माणसांत मी गप्प बसले. आता बसणार नाही.

अंगठी साखरपुड्याच्या आधी पाठवा. दादाबरोबर पाठवलीत तरी चालेल.

रागिणी


रुक्मिणीनगर, अमरावती
१६ जानेवारी २०२५

रागिणीस,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनला सही करून दिली. तो म्हणाला, "मॅडम, कोर्टाचं दिसते." म्हटलं, त्याहून वाईट, नणंदेचं आहे.

अंगठी माझ्याकडे आहे. लपवून ठेवलेली नाही. तेराव्याला तू विचारलं असतंस तर तिथेच सांगितलं असतं. पण तू विचारलं नाहीस, थेट कपाट उघडलंस. ज्या घरात मी तीस वर्षं आहे त्या घराचं कपाट पाहुण्यांसमोर उघडणाऱ्या बाईला मी "पानं वाढली आहेत" म्हणाले, याला मी माझा सभ्यपणा समजते.

सोबत एका फोटोची झेरॉक्स जोडली आहे. चौदा मे एकोणीसशे चौऱ्याण्णव, माझं लग्न, सूनमुखाचा विधी. तुझ्या आईच्या मांडीवर मी बसले आहे, समोर आरसा धरला आहे, त्या आरशात माझं तोंड पाहताहेत आणि माझ्या बोटात अंगठी घालताहेत. अंगठी नीट बघ. चार पाकळ्या मोजता येतील. आरसा धरणारी, तोंड फुगवलेली, हिरव्या साडीतली मुलगी तू आहेस. सूनमुखात सासूनं सुनेला जे घातलं ते सुनेचं. कायद्यात त्याला स्त्रीधन म्हणतात. तुझे बाबा वकील होते, तुला हे शिकवायला हवं होतं.

आणि आईच्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या मुलीनं आईची कधी केली होती? दोन हजार एकोणीसपासून त्यांना काही आठवेनासं झालं. सहा वर्षं त्यांची आंघोळ, त्यांचं जेवण, रात्री उठून त्यांना पुन्हा पलंगावर आणणं. सकाळी मदतीला भागीरथा यायची म्हणून निदान माझी कंबर तरी शाबूत राहिली. तू दोन-तीन महिन्यांनी संत्र्यांची पिशवी घेऊन यायचीस. दीड तास बसायचीस, त्यातला एक तास फोनवर. जाताना त्यांचे पाय धरून रडायचीस, आणि मग रात्रभर त्या मला विचारायच्या, "ते बाई काहून रडून राहिली होती?"

आचलला माझे आशीर्वाद. अंगठी मिळणार नाही.

अनुपमा


जठारपेठ, अकोला
२२ जानेवारी २०२५

वहिनी,

झेरॉक्स मिळाली. छान आली आहे. तुम्ही त्या दिवशी सुंदर दिसत होतात, हे मी शत्रू असूनही कबूल करते. पण फोटोत एकच दिवस दिसतो. दुसरा दिवस तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, तो मी लिहिते.

दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता. तुम्ही आतल्या खोलीत बसला होतात. मी आले आणि म्हटलं, "आई म्हणते, अंगठी काढून दे." तुम्ही काढून दिलीत. एक शब्द बोलला नाहीत. ती अंगठी मी माझ्या हातांनी आईला नेऊन दिली, आईनं कपाटात ठेवली, आणि त्यानंतर तीस वर्षांत ती तुमच्या बोटात कुणी पाहिली नाही. लग्नात मिरवायला घातलेले दागिने दुसऱ्या दिवशी परत जातात, हे आपल्या वऱ्हाडात नवं आहे का? तुमच्या माहेरी, याच अकोल्यात, तुमच्या काकूंच्या पाटल्या अर्ध्या गल्लीतल्या नवरींनी घातल्या होत्या, हे मला इथे राहून आता चांगलं ठाऊक झालं आहे. त्या काय सगळ्यांचं स्त्रीधन झाल्या?

तेव्हा परत दिलेली अंगठी तुमच्याकडे पुन्हा आली कधी? ज्या बाईला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं तिच्या कपाटाच्या किल्ल्या तुमच्या कमरेला होत्या. बाकीचं मी लिहीत नाही, तुम्हाला समजतं.

संत्र्यांचं म्हणाल तर ती हिवरखेडच्या आमच्या बागेतली होती, विकतची नव्हती. आणि आईला मी अकोल्याला न्यायला तयार होते. दोनदा गाडी घेऊन आलो आम्ही. तुम्हीच म्हणालात, "जागा बदलली की त्या बिथरतात." म्हणजे सोडायचंही नाही आणि केल्याचं ऐकवायचंही. किशोरला तुम्ही चहा दिलात तो हॉलमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कधी बसवला नाहीत, कारण तो शेतकऱ्याचा मुलगा, आणि मी वकिलाची मुलगी असून त्याच्याबरोबर गेले. तो विसरला आहे, मी नाही.

पंधरा दिवस थांबते. मग माझा वकील लिहील. तो बाबांचाच शिकाऊ होता, म्हणजे तुम्हाला आवडेल असंच मराठी लिहितो.

रागिणी


रुक्मिणीनगर, अमरावती
१ फेब्रुवारी २०२५

रागिणी,

वकिलाची फी वाचव. अंगठी उद्धवबरोबर पाठवते आहे. पण ती तुला का मिळते आहे हे तुला वाचावं लागेल, आणि पुरतं वाचावं लागेल.

हो, तू आली होतीस. मी ते लिहिलं नाही, कारण तीस वर्षांत मी ते कुणाला सांगितलं नाही, उद्धवलाही नाही. तू एक स्टीलची वाटी घेऊन आली होतीस. मेंदी आणि बांगड्यांनी माझा हात सुजला होता, अंगठी निघेना. तू न्हाणीघरातून साबण आणून दिलास. मी साबण लावून ओढली, कातडी निघाली, आणि वाटीत टाकली तेव्हा जो टण्ण आवाज झाला तो मी अजून विसरलेली नाही. चोवीस वर्षांची होते. बी.एड. झालेली, शाळेत पोरांना प्रश्न विचारायला शिकवणारी. पण घरात येऊन एक दिवस झालेल्या सुनेनं "का" विचारायचं नसतं, असं माझ्या आईनं निघताना बजावलं होतं. मी विचारलं नाही.

मग मी ठरवलं, या बाईनं दोनशे माणसांसमोर दिलं आणि माणसं जेवून गेल्यावर काढून घेतलं, तर हिच्याकडून आयुष्यात काही घ्यायचं नाही. आणि त्यांनीही माझं कधी केलं नाही असं नाही, पण हातातून हातात काही दिलं नाही. द्यायचं असलं की ओट्यावर ठेवायच्या आणि निघून जायच्या. मी काही मागितलं, अगदी त्यांचा खलबत्तासुद्धा, तर म्हणायच्या, "राहू दे, तुले आमचं जुनं कुठं चालते." माझ्या माहेरावर टोमणा असायचा तो. रोज एक. आम्ही एका ओट्यावर तीस वर्षं स्वयंपाक केला आणि मिठाचं प्रमाण सोडून कशावर बोललो नाही.

आता अंगठी माझ्याकडे कशी आली. किल्ली मी लावली नाही. गेल्या श्रावणात एका सकाळी त्यांची आंघोळ आटपून मी केस विंचरत होते. त्यांनी उशीखालून रुमाल काढला. कपाटातून कधी काढली होती कोण जाणे. रुमाल सोडला, माझा हात ओढला आणि अंगठी घातली. करंगळीजवळच्या बोटात, बरोबर. आणि म्हणाल्या, "या खेपेले परत नको करू माय."

त्या दिवसांत त्या सगळ्यांना रागिणी म्हणत. मला, भागीरथाला, सलाईन लावणाऱ्या नर्सला. आणि परत कुणी केलं होतं, हे मला ठाऊक होतं. तू पळून जाऊन लग्न केलंस, तेव्हा त्यांनी तुला शालू आणि चांदीची भांडी पाठवली होती. ते सगळं हिवरखेडहून जसंच्या तसं परत आलं, गाठोड्याची गाठही न सोडता. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. तेव्हा ती अंगठी तुझीच होती. माझ्या बोटात घातली, पण तुला दिली.

हे समजून मी ती ठेवून घेतली. चोरी म्हण हवं तर. साबण लावून काढलेली वस्तू एकदा तरी माझ्या हातात राहावी असं मला वाटलं. सहा महिने राहिली. घालायची मात्र हिंमत झाली नाही.

ने. दुसऱ्याच्या नावानं मिळालेलं मला नको. माझ्या नावानं त्या घरात मला काही मिळालं नाही, ते आता मिळणारही नाही. साखरपुड्याला मी येत नाही. प्रकृतीचं कारण सांग, लोकांना खरं वाटेल.

अनुपमा


जठारपेठ, अकोला
८ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

दादानं अंगठी दिली. मिळाल्याचं कळवते.

उपकार झाले असं लिहावं अशी तुमची अपेक्षा असेल तर ते होणार नाही. आईनं मला दिलेली वस्तू तुम्ही सहा महिने दाबून ठेवलीत आणि मग चार पानं ऐकवून परत केलीत. आईनं शेवटी माझी आठवण काढली हे मला तिच्या तेराव्याला कळायला हवं होतं. ते तुम्ही माझ्यापासून चोरलंत, अंगठीचं काय घेऊन बसलात.

एक विचारायचं आहे. तिनं नेमके काय शब्द वापरले? तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिलं आहे. आणखी काही म्हणाली का? माझं नाव घेतलं का? मला सगळं हवं आहे, एकही शब्द गाळू नका. मुलीला एवढा हक्क आहे.

रागिणी


रुक्मिणीनगर, अमरावती
१३ फेब्रुवारी २०२५

रागिणीस,

जबानी हवी तर घे.

सकाळचे नऊ-साडेनऊ. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत, मी मागे. अंगठी घालण्याआधी त्यांनी मला पुढे ओढून बसवलं आणि माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या: "या खेपेले परत नको करू माय. जुन्या घाटाची हाय, मले मालूम हाय. पन यायनं लय हौसेनं आनली होती." मग बोटावरची अंगठी फिरवून हिरा वर आणला आणि म्हणाल्या, "ठेवशीन ना?" एवढंच. तुझं नाव त्या वेळी घेतलं नाही. दहा मिनिटांनी भागीरथाला रागिणी म्हणून हाक मारली आणि पाणी मागितलं.

यात तुझ्या हक्काचं जे काही असेल ते काढून घे. मला पुन्हा विचारू नकोस. मी त्या बाईला शेवटचं पाणी पाजलं आहे, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मला उभं करायचा अधिकार तुला नाही.

अनुपमा


जठारपेठ, अकोला
२७ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहिते आहे ते जसं येईल तसं लिहिते.

आईनं अंगठी परत मागितली नव्हती. सत्यनारायणाच्या दिवशी मला तिनं पाठवलं नव्हतं. मी माझी आले होते.

मी लहान असताना बाबा ती अंगठी माझ्या अंगठ्यात घालायचे आणि म्हणायचे, ही आमच्या रागूची. मी ते खरं धरून चालले होते. आणि मग दोनशे माणसांसमोर, माझ्याच हातात आरसा देऊन, आईनं ती एका परक्या मुलीच्या बोटात घातली. तुम्ही मला तेव्हा चोवीस तासांपासून ओळखत होतात. मी एकोणीस वर्षांची होते, पण अक्कल नऊ वर्षांच्या मुलीची होती. रात्रभर मी झोपले नाही. सकाळी वाटी घेऊन तुमच्याकडे आले.

तुमच्याकडून निघून मी स्वयंपाकघरात गेले. आई प्रसादाच्या शिऱ्यात तूप सोडत होती. मी म्हटलं, "वहिनीनं परत केली. म्हणाली, जुन्या घाटाची आहे, मी नाही घालणार." आईनं चमचा तसाच धरला. विचारलं, "असं म्हणाली काय ते?" मी म्हटलं, हो. तिनं पदराला हात पुसले, अंगठी घेतली, आणि पुन्हा शिरा ढवळायला लागली. मला वाटलं होतं ती तुमच्यावर ओरडेल. नवी सून आहे, तिला कसं विचारायचं, असं तिला वाटलं असेल. तुम्ही विचारलं नाहीत, तिनं विचारलं नाही. मी दोघींच्या मधे उभी होते आणि मला ते चांगलं ठाऊक होतं.

अंगठी माझी होईल असं वाटलं होतं, तीही झाली नाही. माझ्या लग्नानंतर मी किशोरला अमरावतीला पाठवलं, अंगठी मागायला. आईनं शालू आणि भांडी दिली आणि निरोप सांगितला, "ते अंगठी सुनेची हाय. तिले नसन आवडत, तरी तिचीच हाय." म्हणून मी गाठोडं न सोडता परत पाठवलं. तुम्ही त्याचा अर्थ वेगळा लावलात, तो लावणं साहजिक होतं.

"जुन्या घाटाची" हे शब्द माझे आहेत, वहिनी. तुमच्या तोंडी मी घातलेले. ती माझा चेहरा विसरली, बाबा गेल्याचं विसरली, ते दोन शब्द नाही विसरली. तिनं तुम्हाला पुढे ओढून तुमचं तोंड पाहिलं. ती तुमच्याशीच बोलत होती. "तुले आमचं जुनं कुठं चालते" हा टोमणा नव्हता. ती तीस वर्षं ते खरं समजत होती.

हे कळूनही मी गप्प बसले, हेही लिहिते. साखरपुड्याला अंगठी आचलच्या बोटात घातली. सगळे हात धरून पाहत होते. तिच्या होणाऱ्या सासूनं विचारलं, कुणाची? आचल हसत म्हणाली, "माझ्या आजीनं माझ्या आईसाठी जपून ठेवली होती." मला तिथे उभं राहवेना. पाहुणे गेल्यावर तिला खरं सांगितलं. तिनं अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि आज चार दिवस झाले, माझ्याशी बोललेली नाही. काल तिच्या बापाला म्हणाली, "आईनं अजून काय काय खोटं सांगितलं असन, कोन जाने."

किशोर उद्या येतो आहे. अंगठी आणि भिंतीवरचं चित्र दोन्ही त्याच्याकडे देते आहे. या वेळी त्याला कुठेही बसवा.

मी माफी मागत नाही. मागण्यासारखी ती राहिलेली नाही. तुम्ही मला कधी आवडला नाहीत. आधी खोटं पचावं म्हणून मी तुम्हाला वाईट ठरवलं, मग त्याची सवय झाली, आणि आता या वयात ती सुटेल असं वाटत नाही. पण अंगठी तुमची आहे. तुमच्या नावाची आहे, पहिल्या दिवसापासून.

रागिणी


रुक्मिणीनगर, अमरावती
९ मार्च २०२५

रागिणीस,

किशोररावांनी डबी आणि चित्र दिलं. त्यांना मी आत टेबलावर बसवलं. ते ओशाळून अर्धा कप चहा घेऊन गेले. त्यांच्या बाबतीत तू लिहिलंस ते खरं होतं, आणि त्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडत नाही.

तुझं पत्र उद्धवनं वाचलं. घडी घातली, टेबलावर ठेवलं, आणि बाहेर जाऊन झाडांना पाणी घालत राहिला. कुंड्या वाहून जाईपर्यंत घालत होता. रात्री म्हणाला, "आईनं मले एकदा तरी सांगायचं होतं." मी म्हटलं, "तू एकदा तरी विचारायचं होतंस." त्यावर आम्ही दोघंही झोपलो नाही.

तू पत्र पाठवल्यापासून मला एकेक आठवतं आहे, आणि ते थांबवता येत नाही. दर दिवाळीला त्या माझ्यासाठी साडी आणायच्या. पिशवी ओट्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पावती आत हाय. नाई आवडली तं बदलून आन." मी दर वर्षी बदलून आणायचे. एकही साडी मी ठेवली नाही. मला वाटायचं, या बाईला माझ्यासाठी एक साडीसुद्धा मनापासून निवडायची नाही, पावती देऊन मोकळी होते. एकदा दुकानदार म्हणाला, "काकू दोन तास बसल्या होत्या, सगळा थप्पा काढायला लावला." मी त्याला म्हटलं, दुसरी दाखवा. मी बदललेली साडी नेसून दारात रांगोळी काढायचे, आणि त्या खिडकीतून बघायच्या. आता मला कळतं त्या काय बघत होत्या.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मागितली असतीस तर मी दिली नसती, आणि न दिल्याबद्दल लोकांनी मलाच नावं ठेवली असती. हिरा तू नेला असतास तर मी एखाद्या वर्षात विसरले असते. तू माझी सासू नेलीस. भांडण झालं असतं, रडारड झाली असती, चार दिवसांनी आम्ही एका ताटात जेवलो असतो. तू आम्हाला भांडूही दिलं नाहीस.

एक गोष्ट राहिली, ती तुलाच सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखी नाही. तीस वर्षांत मी त्यांना आई म्हटलं नाही. "अहो" म्हणायचे, "ऐकलं का" म्हणायचे, पाहुण्यांपुढे "सासूबाई". जीभच वळायची नाही. त्या सकाळी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "ठेवशीन ना?" मला वाटलं, लेकीची वाट पाहून दमली आहे ही बाई, हिला लेकीचं उत्तर मिळू दे. म्हणून मी तुझा आवाज काढला. तू बोलतेस तशी, लाडानं, शब्द ओढत म्हणाले, "हो आई, ठेवते." त्यांचा चेहरा बदलला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग हात सोडला आणि डोळे मिटून घेतले.

त्या मला विचारत होत्या, रागिणी. आणि उत्तर मी तुझं दिलं.

आचलच्या लग्नाला उद्धव येईल. मला पत्रिका पाठवू नकोस.

अनुपमा